परदेशातील भौतिकोपचार सेवा : पदवी, परवाना आणि गावच्या नोंदी

अपघातात मोडलेले हाड शल्यचिकित्सक सांधून देतो. परंतु त्याच पायावर रुग्णाने पुन्हा उभे राहावे, शेताच्या बांधावरून चालावे, एस.टी.ची पायरी चढावी, यासाठी पुढे कित्येक आठवडे कोणास तरी त्याच्यासोबत खपावे लागते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात, जन्मापासून ताठरलेले बालकाचे पाय, दीर्घ आजारानंतर दुबळी झालेली फुप्फुसे, वार्धक्यात ढळणारा तोल या साऱ्यांना चालना देण्याचे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी. व्यायाम, हाताने करावयाचे उपचार, हालचालींचे शिक्षण आणि आवश्यकतेनुसार विद्युत-उपकरणे ही या शास्त्राची साधने होत.

या सेवेची गरज जगभर वाढत आहे. ज्यांना पुनर्वसन सेवेचा लाभ होऊ शकेल अशा व्यक्तींची जगातील संख्या सुमारे २४० कोटी असल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात वर्तविण्यात आला. वृद्धांचे प्रमाण अधिक असलेल्या देशांना शिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञांची आवश्यकता भासते आणि महाराष्ट्रातील अनेक पदवीधर तरुण-तरुणी त्या देशांकडे आशेने पाहतात. मात्र या वाटेवर कोठे थांबावे लागते, कोणती कागदपत्रे लागतात आणि फसगत कोठे होते, याची माहिती त्यांच्या पालकांना, शिक्षकांना व गावातील जाणत्या मंडळींना फारशी नसते. या वाटेचा आरंभ गावातील शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपासून होतो, हे तर क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

मुंबईत झालेला आरंभ

भौतिकोपचाराचे शिक्षण भारतात आले तेच मुळी आंतरराष्ट्रीय सहकार्यातून. १९५० नंतरच्या काळात मुंबईत पोलिओच्या साथीने अनेक बालकांना अपंगत्व आले. या बालकांवर उपचार करणारे प्रशिक्षित मनुष्यबळ देशात जवळजवळ नव्हतेच. तेव्हा भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रयत्नांतून १९५३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू करण्यात आले. देशातील या विषयाचे हे पहिले विद्यालय होय. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था कार्य करू लागली.

ज्या रोगाच्या साथीमुळे हे शिक्षण येथे आले, तो पोलिओ भारतातून हद्दपार झाल्याचे प्रमाणपत्र मार्च २०१४ मध्ये मिळाले. एके काळी हे शास्त्र शिकविण्यासाठी बाहेरची मदत घ्यावी लागली. आता येथे शिकलेले तज्ज्ञ लंडन, मेलबर्न, दुबई येथील रुग्णांना चालावयास शिकवितात. सुमारे सत्तर वर्षांतील हे परिवर्तन निश्चितच अभिमानास्पद आहे.

आज महाराष्ट्रातील बहुतेक भौतिकोपचार महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवी अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चार वर्षांचा व त्यानंतर सहा महिन्यांची आंतरवासिता असा राहिला. पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे असते. व्यवसायाच्या नियमनासाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद २००२ च्या राज्य अधिनियमाने करण्यात आली, तर देशपातळीवर २०२१ साली संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला.

पदवी आणि परवाना

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम एक भेद समजून घ्यावयास हवा. पदवी विद्यापीठ देते, परंतु रुग्णास हात लावण्याचा अधिकार परवान्याने मिळतो, आणि प्रत्येक देश आपला परवाना स्वतः देतो. येथील पदवी कितीही उत्तम गुणांनी मिळविलेली असली, तरी ती परदेशात आपोआप मान्य होत नाही. त्या देशाची नियामक संस्था पदवीतील प्रत्येक विषय आपल्या निकषांशी ताडून पाहते आणि मगच निर्णय देते. अमेरिकेत व कॅनडात तर हा अधिकार राज्याकडे वा प्रांताकडे असतो. एका राज्यात मिळालेला परवाना दुसऱ्या राज्यात तसाच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट प्रवेशपत्राची, म्हणजे व्हिसाची. परवाना आणि व्हिसा या दोन स्वतंत्र बाबी असून त्या दोन स्वतंत्र यंत्रणांकडून मिळतात. परवाना मिळाला म्हणून नोकरी मिळेलच असे नाही, आणि व्हिसा मिळाला म्हणून व्यवसाय करता येईलच असेही नाही. परवाना, नोकरी आणि व्हिसा या तीन पायऱ्या एकच आहेत असे भासविणाऱ्या मध्यस्थांपासून पालकांनी सावध राहिले पाहिजे.

ब्रिटनचे उदाहरण

या व्यवस्थेची कल्पना येण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण उपयुक्त ठरेल. तेथे या व्यवसायाची संघटना १८९४ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापक चौघी परिचारिका होत्या. मर्दन-उपचाराच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांपासून आपला व्यवसाय वेगळा राखावा, हा त्यांचा उद्देश होता. १९२० साली या संघटनेस राजसनद मिळाली. पुढे १९६० च्या कायद्याने शासकीय नोंदणीची पद्धत सुरू झाली. आज ही नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या वैधानिक संस्थेकडे आहे. तिच्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला 'फिजिओथेरपिस्ट' म्हणवून घेणे हा तेथे गुन्हा ठरतो. जुन्या व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व ही निराळी व ऐच्छिक बाब आहे.

परदेशात शिकलेल्या अर्जदाराला या कौन्सिलकडे आपल्या अभ्यासक्रमाचा सविस्तर तपशील सादर करावा लागतो. कोणता विषय किती तास शिकविला गेला, रुग्णालयातील प्रत्यक्ष काम किती झाले, ते अस्थिरोग, मज्जासंस्था, श्वसन यांपैकी कोणत्या विभागांत झाले, हे महाविद्यालयाकडून प्रमाणित करून द्यावे लागते. पदवीनंतरच्या कामाचा अनुभव आणि तो पडताळता येईल असे संदर्भही मागितले जातात. व्यवसायातीलच मूल्यमापक हा तपशील तपासतात. ते नोंदणी मान्य करू शकतात, अधिक माहिती मागू शकतात, योग्यता-चाचणी देण्यास सांगू शकतात किंवा अर्ज नाकारूही शकतात.

इंग्रजी भाषेचा पुरावा हा यातील महत्त्वाचा टप्पा होय. आय.ई.एल.टी.एस. परीक्षेत सरासरी ७ गुणांक आणि वाचन, लेखन, श्रवण व संभाषण यांपैकी कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, अशी कौन्सिलची अपेक्षा असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास हे असाध्य नाही. मात्र शेवटच्या तीन महिन्यांत घोकून साधण्यासारखेही नाही. विशेषतः लेखनाच्या भागात अनेकांची गाडी अडते. शाळेपासून इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत चार परिच्छेद लिहिण्याची सवय लागली असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

नोंदणीनंतर नोकरी शोधावी लागते. आरोग्यसेवकांसाठीचा खास व्हिसा ब्रिटनने ऑगस्ट २०२० मध्ये सुरू केला व त्यात भौतिकोपचारतज्ज्ञांचा समावेश करण्यात आला. परंतु तो मिळण्यासाठी मान्यताप्राप्त नियोक्त्याचे पुरस्कारपत्र लागते. नोकऱ्यांची उपलब्धता वर्षागणिक बदलते. नव्याने उत्तीर्ण झालेल्या स्थानिक पदवीधरांनाही पहिली जागा मिळविण्यास प्रयास पडतात, असा काळ तेथेही येतो. म्हणून 'नोंदणी झाली म्हणजे काम झाले' असे मानून कर्जाची हप्तेबंदी ठरविणे धोक्याचे होय.

इतर देशांची रीत

अमेरिकेत प्रवेशपातळीचे शिक्षण डॉक्टरेट दर्जाचे आहे. परदेशी पदवीधराच्या शिक्षणाची तुलना एका ठरीव निकषपत्राशी केली जाते, आणि ते निकषपत्र त्याने ज्या वर्षी पदवी घेतली त्या काळचे असते. तीत उणीव आढळल्यास ते विषय नव्याने पूर्ण करावे लागतात. त्यानंतर राष्ट्रीय परवाना परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण २०० ते ८०० या मापावर दिले जातात व उत्तीर्ण होण्यासाठी ६०० आवश्यक असतात. स्थलांतराच्या नियमांत भौतिकोपचारतज्ज्ञांना परिचारिकांप्रमाणेच मनुष्यबळ-टंचाईच्या यादीत स्थान आहे. असे असले तरी भारतीयांना कायम निवासाच्या परवान्यासाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागते.

ऑस्ट्रेलियात पात्रतेची छाननी, लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष रुग्णांवरील परीक्षा असे टप्पे आहेत. प्रत्यक्ष परीक्षेत स्नायू व अस्थी, मज्जासंस्था आणि हृदय-श्वसन या तिन्ही शाखांत कसोटी लागते. एकाच शाखेत काम करून इतर शाखा विसरलेल्या अनुभवी व्यक्तीही येथे अडखळतात. जर्मनीत पदवीच्या मान्यतेबरोबरच जर्मन भाषेचे चांगले ज्ञान अनिवार्य असते.

आखाती देशांची रीत याहून वेगळी आहे. तेथे दुबई, अबुधाबी, सौदी अरेबिया, कतार येथील आरोग्य प्राधिकरणे परवाना देतात. अर्जदाराची पदवी, नोंदणी व अनुभव यांची पडताळणी मूळ संस्थेशी थेट पत्रव्यवहार करून केली जाते, आणि संगणकावर परीक्षा घेतली जाते. बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच्या अनुभवाची अट असते. मूळ संस्थेकडे विचारणा जाते, हा यातील कळीचा मुद्दा आहे. एखाद्या दवाखान्याने दिलेला अनुभवाचा दाखला खरा असला, तरी तेथील हजेरीपट वा वेतनाची नोंद नसेल, किंवा पत्राला उत्तरच गेले नाही, तर तो दाखला निरुपयोगी ठरतो. खोटा दाखला उघडकीस आल्यास अर्जदाराचे नाव कायमचे काळ्या यादीत जाण्याची भीती असते.

नोंदींचे महत्त्व

या साऱ्या व्यवस्थांत एक समान सूत्र दिसून येते. अर्जदार किती हुशार आहे हे पाहण्याआधी तो कोण आहे, काय शिकला आणि कोठे काम केले, हे कागदावर सिद्ध व्हावे लागते. हा कागद बहुधा येथेच, कोणा लिपिकाच्या वा मुख्याध्यापकाच्या हातून तयार झालेला असतो.

पहिली अडचण नावाची. महाराष्ट्रात आडनाव, स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असे तीन पदांचे नाव लिहिण्याची प्रथा आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम येते, पारपत्रात ते निराळ्या रकान्यात जाते, गुणपत्रिकेवर आईचेही नाव येते. रोमन लिपीत हेच आडनाव जन्मदाखल्यावर एका वर्णलेखनाने, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या आणि पदवीवर तिसऱ्या वर्णलेखनाने लिहिले गेलेले आढळते. गावात यामुळे कोणाचेच अडत नाही. परंतु परदेशी कार्यालयातील अधिकाऱ्याच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या व्यक्ती ठरतात. या अभ्यासक्रमात मुलींची संख्या मोठी आहे. विवाहानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदलल्यास पदवी एका नावाची आणि पारपत्र दुसऱ्या नावाचे, अशी स्थिती निर्माण होते. मग शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला यांसाठी महिनोन् महिने खर्ची पडतात. तोवर भाषा-परीक्षेच्या निकालाची मुदतही संपून जाण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण तासांची. परदेशी नियामक संस्था विषयवार तास विचारतात. महाविद्यालयाने त्या वर्षीचा अभ्यासक्रम जपून ठेवलेला असेल, तर हे काम अल्पावधीत होते. तो नसेल, किंवा संस्थाच बंद पडली असेल, तर पदवीधरास कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून स्वतःची एक संचिका ठेवावी. तीत त्या वर्षाची अभ्यासक्रम-पुस्तिका, सर्व गुणपत्रिका, आंतरवासितेतील विभागवार दिनांक व तास, प्रात्यक्षिकांच्या नोंदवह्या आणि उपस्थित राहिलेल्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे असावीत. आंतरवासितेच्या अखेरीस विभागप्रमुखाची स्वाक्षरी व शिक्का घेणे सोपे असते. पाच वर्षांनी तो विभागप्रमुख निवृत्त झालेला असतो.

तिसरी बाब राज्य परिषदेच्या नोंदणीची. पदवी मिळताच येथील परिषदेकडे नाव नोंदवावे आणि नूतनीकरण चुकवू नये. परदेशी संस्था बहुधा स्वदेशातील नियामकाकडून सद्वर्तनाचा दाखला मागतात. जो येथे नोंदलेलाच नाही, त्याला तो दाखला मिळणार कोठून?

चौथी बाब साक्षांकनाची. परदेशी कागदपत्रांच्या प्रमाणीकरणासंबंधीच्या १९६१ च्या हेग करारात भारत २००५ साली सहभागी झाला. करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे 'अपोस्टिल' पुरेसे असते. करारात नसलेल्या देशांसाठी संबंधित वकिलातीचेही साक्षांकन घ्यावे लागते. त्याआधी शैक्षणिक कागदपत्रांवर राज्य शासनाच्या सक्षम कार्यालयाचे साक्षांकन व्हावे लागते. मूळ प्रमाणपत्रे प्लास्टिकमध्ये कायमची बंद करून टाकण्याची आपल्याकडील सवय येथे आड येते, कारण शिक्का मूळ कागदावरच उमटवावा लागतो.

कर्ज, अभ्यासक्रम आणि मध्यस्थ

अनेक कुटुंबे परदेशी शिक्षणाच्या मार्गाने मुलांना पाठवितात. येथे एका बाबीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. या एकाच नावाखाली दोन भिन्न प्रकारचे अभ्यासक्रम चालतात. नोंदणीपूर्व अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा असून त्यात रुग्णालयातील प्रशिक्षण अंतर्भूत असते व तो पूर्ण केल्यावर नोंदणीची पात्रता येते. दुसरा, प्रगत शिक्षणाचा अभ्यासक्रम बहुधा एक वर्षाचा असतो. तो ज्ञानात भर घालतो. पण त्यामुळे नोंदणी मिळत नाही. ती मूळ भारतीय पदवीच्या आधारे स्वतंत्रपणेच मिळवावी लागते. अमेरिकेतही प्रवेशपातळीची डॉक्टरेट आणि आधीच परवाना असलेल्यांसाठीची पूरक डॉक्टरेट यांत असाच भेद आहे. कमी मुदतीचा व स्वस्त म्हणून दुसरा प्रकार निवडला गेला आणि त्यासाठी जमीन गहाण पडली, तर वर्षअखेरीस हाती पदवी असते, परवाना नसतो आणि कर्जावरील व्याज मात्र सुरू झालेले असते. अशा वेळी पदवीधरांना साहाय्यकाच्या वा दुकानातील कामावर दिवस काढावे लागतात. प्रवेश घेण्यापूर्वी 'या अभ्यासक्रमाने नोंदणीची पात्रता मिळते काय?' हा एकच प्रश्न विद्यापीठाला लेखी विचारून लेखी उत्तर घेतले, तर ही आपत्ती टळू शकते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

परदेशात नोकरी लावून देणाऱ्या मध्यस्थांवर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणीचे बंधन घातले. नोंदणीकृत एजंटांची यादी शासनाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर उपलब्ध करून देण्यात आली. सेवाशुल्काची कमाल मर्यादाही नियमांनी घालून देण्यात आली असून ती ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर इतकी ठरविण्यात आली. याहून अधिक रक्कम मागणारा, पावती न देणारा, मूळ पारपत्र स्वतःजवळ ठेवून घेणारा किंवा पर्यटनाच्या व्हिसावर पाठवून 'तेथे गेल्यावर पाहू' असे सांगणारा मध्यस्थ संशयास्पद समजावा. करारपत्रावर पदाचे नाव काय आहे, हेही वाचून पाहावे. 'फिजिओथेरपिस्ट' आणि 'फिजिओथेरपी असिस्टंट' या दोन पदांच्या वेतनात, अधिकारात व व्हिसाच्या पात्रतेत मोठे अंतर असते.

तेथील कामाचे स्वरूप

परदेशातील काम केवळ अधिक वेतनाचे नसून वेगळ्या पद्धतीचेही आहे. आपल्याकडे रुग्ण बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीने भौतिकोपचाराकडे येतो. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून आणि ब्रिटनमध्ये १९७७ पासून भौतिकोपचारतज्ज्ञास स्वतःच्या निर्णयाने उपचार ठरविण्याचे स्वातंत्र्य मिळत गेले. २०१३ साली ब्रिटनने आवश्यक प्रशिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञांना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचाही अधिकार दिला. अधिकाराबरोबर उत्तरदायित्व येते. प्रत्येक भेटीची नोंद रुग्णाचे म्हणणे, तपासणीतील निष्कर्ष, निदान व पुढील योजना या क्रमाने लिहावी लागते. जे लिहिलेले नाही ते केलेलेच नाही, असे मानण्याची तेथे रीत आहे.

रुग्णाची संमती हा उपचाराचा पाया समजला जातो. उपचार कोणते करावयाचे हे रुग्णाशी विचारविनिमय करून ठरते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धेस दुसऱ्याच दिवशी पलंगाबाहेर काढून उभे करण्याचा प्रयत्न होतो. तिच्या घरी जिना आहे काय, स्नानगृह कोठे आहे, खरेदी कोण करते, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारले जातात. कारण घरी सुखरूप परत जाणे हे उपचाराचे अंतिम ध्येय असते. आपल्याकडे गुडघ्याच्या रुग्णास मांडी घालता येईल काय, उकिडवे बसता येईल काय, याची चिंता असते. तेथे आरामखुर्चीतून उठता येणे आणि जिना चढता येणे यांना महत्त्व येते. शास्त्र तेच, जीवनपद्धतीनुसार त्याचे उद्दिष्ट बदलते.

रुग्णास हाताने उचलण्याबाबतही कडक नियम आहेत. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमावलीनंतर रुग्णास बगलेत हात घालून उचलणे जवळजवळ थांबले. त्यासाठी यांत्रिक उचलपाळणे व सरकपट्ट्या वापरल्या जातात. भारतातून गेलेल्या तज्ज्ञास प्रारंभी हा विलंब वाटतो. पण यामुळे रुग्णाचा खांदा आणि उपचारकाची पाठ दोन्ही सुरक्षित राहतात, हे अनुभवाने पटते. उपकरणांवरील भर कमी आणि सक्रिय व्यायामावरील भर अधिक, हाही एक लक्षणीय फरक होय.

यासोबत एकटेपणा, थंडी, लहान दिवस आणि स्थानिक उच्चार समजण्यातील अडचण यांनाही तोंड द्यावे लागते. वृद्ध रुग्ण सौजन्याने 'ठीक आहे' म्हणतो, तेव्हा त्यामागील वेदना ओळखण्यास भाषेपलीकडची जाण लागते. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था नवागतांना आपुलकीचा आधार वाटू शकतात. परंतु कामाच्या ठिकाणची घडी ज्याची त्यालाच बसवावी लागते. नोंदणीही एकदाच मिळून संपत नाही. ब्रिटनमध्ये तिचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते आणि या काळात व्यावसायिकाने कोणते नवे ज्ञान संपादन केले, याची काही जणांकडून पुराव्यांसह तपासणी केली जाते.

स्वदेशाचा विचार

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. आपल्याच खेड्यापाड्यांत पक्षाघाताचे, अपघाताचे, मेंदूच्या पक्षाघातासह जन्मलेल्या बालकांचे पुनर्वसन अपुरे असताना शिकलेले हात बाहेर पाठवावेत काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य परिषदेने मे २०१० मध्ये आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसंबंधी एक आचारसंहिता स्वीकारली. ती ऐच्छिक आहे. तथापि, ज्या देशांत सेवकांची तीव्र टंचाई आहे तेथून भरती करताना संयम बाळगावा आणि स्थलांतरितांना समान वागणूक मिळावी, ही तत्त्वे तिने जगापुढे ठेवली.

तरुणांची वाट अडवून खेड्यातील रुग्ण चालू लागणार नाही. त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी पदे, साधने व सन्मान उपलब्ध व्हावे लागतील. परदेशात गेलेली व्यक्ती घरी पैसा पाठविते, हा एक लाभ झाला. पक्षाघाताच्या रुग्णाचे घरच्या घरी पुनर्वसन, पडण्यापासून वृद्धांचे संरक्षण, बिनचूक नोंदी ठेवण्याची शिस्त या गोष्टी शिकून ती परत आली, किंवा रजेवर असताना तिने जिल्हा रुग्णालयातील वा आपल्या महाविद्यालयातील तरुणांना चार दिवस शिकविले, तर तो लाभ अधिक मोलाचा ठरेल. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता दिली आहे. या हक्कांना प्रत्यक्ष रूप द्यावयाचे तर अशा अनुभवी हातांची नितांत गरज आहे.

शिक्षक, पंचायत आणि अधिकारी यांचे कार्य

या विषयात शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांनी करण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी निराळ्या निधीची आवश्यकता नाही.

मुख्याध्यापकांनी शाळेत नाव दाखल करतानाच मुलाचे नाव जन्मदाखल्याशी ताडून पाहावे आणि रोमन लिपीतील वर्णलेखन पालकांना विचारून एकदाच निश्चित करावे. दहावीचा परीक्षा अर्ज भरताना ते पुन्हा तपासावे; कारण पुढील सर्व प्रमाणपत्रे याच अर्जावर आधारलेली असतात. ग्रामपंचायतीने जन्मनोंदीत बालकाचे नाव भरावयाचे राहिले असल्यास पालकांना वेळीच सूचना द्यावी. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना शिक्षकांनी भौतिकोपचाराची माहिती 'वैद्यकीय प्रवेश हुकल्यावरचा पर्याय' अशी न देता एक स्वतंत्र सेवाक्षेत्र म्हणून द्यावी.

महाविद्यालयीन कार्यालयांनी प्रत्येक वर्षीचा अभ्यासक्रम व तासांचा तक्ता जतन करावा आणि परदेशी संस्थेकडून आलेल्या पडताळणीच्या पत्रास तत्परतेने उत्तर द्यावे. टेबलावर पडून राहिलेले एक पत्र म्हणजे एखाद्या कुटुंबाचे वर्षभराचे उत्पन्न, हे संबंधित लिपिकाच्या ध्यानी आणून दिले पाहिजे. पंचायत सदस्यांनी गावातून कोणी परदेशी नोकरीसाठी पैसे भरत असेल, तर एजंटाची नोंदणी संकेतस्थळावर पाहून देण्यास साहाय्य करावे. जमीन गहाण टाकण्याच्या आधी अभ्यासक्रमाचा प्रकार, नोंदणीची पात्रता व कराराचे पद या तीन गोष्टींची खातरजमा झाली आहे काय, हे विचारावे. संकोच न बाळगता वेळीच विचारलेल्या या प्रश्नांमुळे एखादे घर कर्जाच्या खाईत जाण्यापासून वाचू शकेल.

भौतिकोपचार रुग्णास पहिले पाऊल टाकण्यास शिकवितो. त्यात घाई चालत नाही, आणि पहिले पाऊल डळमळले तर पुढची चाल बिघडते. या व्यवसायातून परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. त्यांचे पहिले पाऊल गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पडत असते. ते भक्कम पडावे यासाठी नोंदी अचूक ठेवणे, माहिती खरी देणे आणि वेळीच सावध करणे हे तेथील प्रत्येक जबाबदार व्यक्तीच्या आवाक्यातील काम आहे.